दोन रकान्यांची वही

नाताळ जवळ आला की मला भाजलेल्या पिठाचा वास येतो. करंज्या, केक यांचे वास मागाहून येतात. वसईतल्या आमच्या गावी चर्चच्या मागं सिस्टरांचा मठ होता आणि मिस्साला लागणाऱ्या ओस्ती तिथंच भाजल्या जात. लांब दांड्यांचा, चिमट्यासारखा मिटणारा लोखंडी साचा असे. त्यात पातळ कालवलेलं गव्हाचं पीठ चमचाभर ओतायचं आणि साचा दाबून धरायचा. कडेनं फुस्सदिशी वाफ निघायची. साचा उघडला की पापडाहून पातळ, पांढरीशुभ्र पोळी दिसायची, तिच्यावर क्रूस उमटलेला. तिच्यातून गोल ओस्ती कापून घेतल्या की उरलेलं कातरण आम्हा पोरांचं. पीठ आणि पाणी, त्यात मीठसुद्धा नाही. जिभेवर ठेवलं की टाळूला चिकटून हळूहळू विरघळायचं. त्या बेचव तुकड्यांसाठी आम्ही मठाच्या मागच्या दारी तासन् तास बसत असू.

माझा पहिला ख्रिस्तप्रसाद व्हायचा होता त्या वर्षी मी आजीला विचारलं, ‘‘कातरण आणि ओस्ती एकाच पिठाची. मग कातरण खाऊ आणि ओस्ती देव, असं का?’’ आजी अंगणात भात पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, ‘‘आधी घे, बाय. मग विचार.’’

या उत्तरानं माझं समाधान झालं नाही. पण ते मनात राहिलं आणि पुढं वीस वर्षांनी पुण्यातल्या एका वर्गात अचानक उठून उभं राहिलं. त्या वर्गाची आणि तिथल्या दिवसांची ही आठवण आहे.

आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. पाद्री वेदीकडे तोंड करून, म्हणजे आमच्याकडे पाठ करून उभे असत. त्यांचा आवाज कधी ऐकू येई, कधी नाही. आजी तिच्या लाल लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन गुडघ्यांवर बसायची आणि पूर्ण मिस्साभर जपमाळ ओढायची. मधेच छोटी घंटा वाजली की तिचे ओठ थांबत, डोळे वर जात. पाद्रींनी दोन्ही हातांनी उंच धरलेली ओस्ती ती डोळे भरून बघे, छातीवर हात ठेवी आणि पुन्हा मण्यांकडे वळे. घंटा का वाजते हे तिनं कधी विचारलं नसावं. ती वाजली की बघायचं, एवढं तिला ठाऊक होतं.

१९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले. ओव्हल मैदानावर अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली होती. वडिलांचं बोट धरून मीही गेले. त्या अफाट गर्दीत मला दूरवर एक पांढरा ठिपका तेवढा दिसला. पण वडील परतीच्या लोकलमध्ये ज्या आनंदात बोलत होते तो आनंद लख्ख आठवतो. ते म्हणत होते, आता मिस्सा आपल्या भाषेत होणार. एकच वर्ष आधी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला होता. बाजूनं २१४७ मतं पडली, विरोधात फक्त ४. लोकभाषेला दार उघडलं ते तिथं. हे आकडे मला पुढं अभ्यासात भेटले. तेव्हा मला दिसलं होतं ते फक्त वडिलांचं तोंड.

मग एका रविवारी आमच्या चर्चमध्ये वेदी पुढं सरकलेली दिसली. पाद्री तिच्या पलीकडे, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मराठीत बोलू लागले. घरी येताना सगळा गाव भाषेविषयी बोलत होता. आजी मात्र बराच वेळ गप्प होती. बांधावरून उतरताना ती म्हणाली, ‘‘आज पाद्रींचे हात दिसले गो.’’ साठी ओलांडलेल्या त्या बाईनं जन्मभर त्यांची पाठच पाहिली होती. भाकर मोडताना माणसाचे हात कसे वळतात, ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पुढं मी शाळेत शिक्षिका झाले. धर्मशिक्षणाचा तास माझ्याकडे असे. मुलं प्रश्न विचारत आणि माझी उत्तरं फार लवकर संपत. तेव्हा मनानं घेतलं की हे नीट शिकायचं. १९८१ मध्ये बिनपगारी रजा घेऊन मी पुण्याला निघाले. गावात लोक विचारत, ‘‘सिस्टर होणार का?’’ आजी परस्पर सांगून टाकी, ‘‘नाही. शिकायला चाललीय.’’ निघताना तिनं माझ्या हातात एक पुडकं दिलं. राजेळी केळ्यांची सुकेळी, केळीच्या सुक्या पानात घट्ट बांधलेली. ती म्हणाली, ‘‘वाटेत खा. पुण्यात मिळायची नाहीत.’’ त्या दिवसापासून प्रत्येक सुट्टीनंतर परत जाताना ते पुडकं माझ्या पिशवीत असे. दादरला सिंहगड एक्सप्रेसमध्ये बसायचं, कर्जत येईपर्यंत धीर धरायचा आणि घाट सुरू झाला की पुडकं सोडायचं, हा माझा नेम.

नगर रस्त्यावरच्या ज्ञानदीप विद्यापीठाची मुळं श्रीलंकेतल्या कँडी इथं आहेत. तेराव्या लिओ पोपनी १८९३ मध्ये तिथं सेमिनरी काढली. हिंदुस्थानचे धर्मगुरू हिंदुस्थानच्याच मातीतून घडावेत ही त्यामागची इच्छा. १९५५ मध्ये ती पुण्याला आली. मी गेले तेव्हा वर्गात बहुतेक सेमिनरीतले ब्रदर, काही सिस्टर आणि आम्ही दोन-तीन जण संसारी जगातले. केरळ, तमिळनाडू, गोवा, छोटा नागपूर, ईशान्य भारत असे सगळीकडचे लोक. शिकवणं इंग्रजीत. पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की वर्गात जे कळतं ते मी आजीला सांगू शकत नाही, कारण त्या शब्दांना माझ्याकडे मराठी नाही. मग मी लक्ष्मी रोडवरून एक जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची वही आणली. प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ मारली. डावीकडे वर्गातला ग्रीक किंवा लॅटिन शब्द, उजवीकडे माझा मराठी. रोज रात्री जेवणानंतर तासभर त्या उजव्या रकान्याशी झटायचं. त्या तासाएवढं सुख मला पुढं कुठल्याच अभ्यासानं दिलं नाही.

पहिला शब्द होता लिटर्जी. उजवीकडे मी सरळ ‘उपासना’ लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी लिटर्जीच्या फादरांनी सांगितलं की हा शब्द मुळात देवळातला नाहीच. अथेन्समध्ये सधन नागरिकानं गावासाठी स्वखर्चानं करायची सेवा म्हणजे ‘लेइतुर्गिया’. नाटकातल्या गायकवृंदाचा खर्च उचलायचा, युद्धनौका सज्ज ठेवायची, अशी कामं. रात्री मी ‘उपासना’च्या खाली लिहिलं, ‘गावकी’. आमच्या गावात विहीर उपसायची असो की चर्चच्या सणाला मांडव घालायचा असो, घरटी एक माणूस यायचाच. मिस्सा हीदेखील गावकी आहे, पाद्रींनी एकट्यानं उरकायचं ते काम नव्हे. या एका शब्दानं माझी कितीतरी वर्षं लख्ख झाली.

मग ‘मिस्सा’. हा शब्द आम्ही जन्मभर वापरला, पण तो निघाला कुठून? लॅटिन उपासनेच्या अगदी शेवटी लोकांना निरोप देताना उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यातून. ज्या उपासनेत वाचन आहे, अर्पण आहे, भोजन आहे, तिला नाव मिळालं ते निरोपावरून. मी लिहिलं, ‘पाठवणी’. लेकीची पाठवणी करतात तशी. ओटी भरून, डोळे पुसून, पण जायलाच हवं म्हणून.

‘साक्रामेंतुम’पाशी तर मी तीन रात्री अडून होते. रोमन सैनिक भरती होताना जी शपथ घेई तिला हा शब्द होता. ग्रीक ख्रिस्ती लोक त्याच गोष्टीला ‘मिस्टेरियॉन’ म्हणत, म्हणजे गूढ. आणि आम्ही मराठीत म्हणतो संस्कार. शपथ म्हटलं की माणसाचा शब्द आठवतो, गूढ म्हटलं की देवाचं मौन. आणि संस्कार म्हणताच माती मळून, चाकावर चढवून, भट्टीतून काढून मडकं होतं, ते सगळं डोळ्यांपुढं येतं. तीन भाषा एकाच गोष्टीकडे तीन बाजूंनी बघत होत्या. हे संस्कार सातच, ही मोजणी बाराव्या शतकात पीटर लोंबार्डच्या ग्रंथातून रूढ झाली आणि १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं तिच्यावर शिक्का मारला. त्याआधी हजार वर्षं ख्रिस्ती माणसं ते जगत होती, बोटं न मोजता.

चर्चचा इतिहास शिकवणारे फादर वयस्कर होते. खडू हातात धरून तारखा लिहीत, पण बोलत असे की जणू काल त्या गावी जाऊन आलेत. एका दुपारी वर्गाच्या खिडक्यांना काळे पडदे लावून त्यांनी स्लाइड दाखवल्या. फरात नदीकाठचं दुरा-युरोपोस. तिसऱ्या शतकातलं एक साधं घर, त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून मंडळींना बसायला जागा केलेली आणि शेजारच्या खोलीत स्नानसंस्काराचं कुंड. भिंतीवर मेंढपाळ, विहिरीवर आलेली बाई आणि कबरीकडे निघालेल्या स्त्रिया. इसवी सन २५६ च्या सुमाराला शहर पडलं, घर मातीखाली गाडलं गेलं आणि म्हणूनच वाचलं. अंधारात मी त्या भिंतीकडे बघत होते आणि मला आमचं ओसरीचं घर दिसत होतं. पावसाळ्यात वाट बुडाली की आमच्याही ओसरीवर शेजारपाजार जमून प्रार्थना होई. आजी तेव्हा मधला पडदा सरकवून जागा मोठी करायची.

त्याच फादरांनी आम्हाला जस्टिनकडे नेलं. रोममध्ये इसवी सन १५५ च्या आसपास जस्टिननं सम्राटाला उद्देशून लिहिलं की ख्रिस्ती लोक रविवारी जमून नेमकं काय करतात. वेळ पुरेल तितकं वाचन, मग प्रमुखाचा उपदेश, सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी, आभार, लोकांचं आमेन आणि वाटप. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक प्रसाद घेऊन जातात. गोळा झालेल्या पैशांतून अनाथ, विधवा, आजारी यांना मदत. फादरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘‘तुमच्या गावच्या रविवारात आणि यात फरक काय?’’ वर्गात कोणी बोललं नाही. फरक सापडतच नव्हता. शेवटी छोटा नागपूरचा एक ब्रदर म्हणाला, ‘‘फादर, आमच्याकडे उपदेश लांब असतो.’’ फादर खळखळून हसले आणि आम्हीही.

आणि एगेरिया! ती माझी त्या वर्षांतली खरी मैत्रीण. चौथ्या शतकाच्या अखेरीस दूर पश्चिमेहून एक बाई यरुशलेमच्या यात्रेला जाते आणि जे जे बघते ते गावाकडच्या आपल्या भगिनींना लिहून कळवते. ती हस्तलिखित प्रत १८८४ मध्ये इटलीतल्या अरेझ्झो इथं सापडली. झावळ्यांच्या रविवारी लोक जैतुनाच्या डोंगरावरून फांद्या घेऊन कसे उतरतात, लहान मुलंही खांद्यांवर बसून कशी येतात, हे तिनं लिहिलंय. उत्तम शुक्रवारी क्रुसाच्या लाकडाचं दर्शन घेताना दोन्ही बाजूंना सेवक पहारा देतात, कारण एकदा कुणीतरी चुंबन घ्यायच्या निमित्तानं लाकडाचा तुकडाच दातांनी तोडून नेला होता. ही गोष्ट मी सुट्टीत सांगितली तेव्हा आजीनं तोंडावर हात घेतला. मग म्हणाली, ‘‘चूकच. पण त्याची हौस बघ.’’

एगेरियानं आणखी एक नोंद केली आहे आणि तिनं मला फार धीर दिला. यरुशलेमचे बिशप ग्रीकमध्ये बोलत. ज्यांना ग्रीक येत नसे त्यांच्यासाठी एक धर्मगुरू लगेच सिरियाकमध्ये सांगे. आणि लॅटिनवाल्यांचं मन खट्टू होऊ नये म्हणून दोन्ही भाषा जाणणारे बंधुभगिनी त्यांना लॅटिनमध्ये समजावत. म्हणजे उपासनेत दुभाष्या असणं ही जुनीच रीत. माझी दोन रकान्यांची वही त्याच रांगेत बसली होती.

त्याच रांगेत फादर थॉमस स्टीफन्सही. १५७९ मध्ये इंग्लंडचा हा जेज्वीट गोव्यात उतरला, इथल्या मातीत मुरला आणि १६१६ मध्ये रायतूर, म्हणजे राशोल इथं त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत! देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते म्हणून रोमन अक्षरांत छापलेल्या. ग्रंथालयात मी ते पुराण उघडलं तेव्हा आधी डोळ्यांना काही लागेना. मग पुटपुटत वाचू लागले आणि ओवी कानाला लागली तसं सगळं उलगडत गेलं. शेजारी बसलेल्या केरळच्या सिस्टर मान वर करून बघत राहिल्या. परक्या देशातून आलेल्या माणसानं माझ्या भाषेचं एवढं कौतुक केलं होतं आणि मी मात्र रात्र रात्र एका शब्दासाठी अडत होते! पुढं १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं गोव्यात लोकांच्या भाषेविरुद्ध फर्मान काढलं, हेही शिकले. प्रार्थनेची भाषा फुकट मिळत नाही. ती कधी कोणी देतो, कधी कोणी काढून घेतो.

वसतिगृहात माझी खोलीसोबतीण अहमदनगरची होती, प्रॉटेस्टंट घरातली. तिच्याकडे ‘उपासना संगीत’ची आईनं दिलेली झिजलेली प्रत होती. रात्री दिवे मालवल्यावर ती रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणायची. १८९५ मध्ये स्नानसंस्कार घेतलेल्या त्या कवीनं अभंगाच्या वळणावर ख्रिस्त गायला आणि तो नगर-सोलापूरकडच्या खेड्यापाड्यांत टाळ-चिपळ्यांवर पोचला. ती दोन संस्कार मानणारी, मी सात मानणारी. वर्गात त्यावर आमचे वाद होत. पण अंधारात ते भजन सुरू झालं की मोजणी कोणाच्याच लक्षात राहत नसे. विद्यापीठाच्या प्रार्थनागृहात आम्ही जमिनीवर मांडी घालून बसत असू, मधे समई तेवत असे, शांतीची खूण हात जोडून दिली जाई. भारतातल्या चर्चनं मागितलेल्या अशा बारा गोष्टींना रोमनं १९६९ च्या एप्रिलमध्ये मान्यता दिली होती. समईच्या उजेडात माझ्या मैत्रिणीचा आवाज लागला की वाटे, स्टीफन्सचं काम पुढं चालू आहे.

एकदा इतिहासाचे फादर आम्हाला वाईजवळ मेणवलीला घेऊन गेले. नाना फडणवीसांचा वाडा बघून आम्ही कृष्णेच्या घाटावर उतरलो. देवळाजवळ एका छोट्या दगडी मंडपात मोठी घंटा टांगलेली. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आणि १७०७ हे साल. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक. फादर मला म्हणाले, ‘‘तू वसईची. तू वाजव.’’ मी वाजवली. खोल, गोल नाद पाण्यावरून पलीकडे गेला. घाटाच्या पायरीवर धुणं धूत असलेल्या एका म्हातारीनं ओले हात तसेच जोडले आणि पुन्हा पिळायला घेतलं. मला आजीचे वर उचललेले डोळे आठवले. घंटा वाजली की बघायचं. इतिहासाच्या त्या एका तासात फादर याहून जास्त काही बोलले नाहीत.

आणि मग तो दिवस आला. पुनरुत्थानाच्या सणानंतरचा आठवडा होता. विषय होता चौथ्या शतकातली यरुशलेमची दीक्षा. नवख्यांना पूर्ण उपवासकाळभर श्रद्धेचं शिक्षण देत, पण स्नानसंस्कार म्हणजे काय, वेदीवर काय घडतं, याचा अर्थ सांगत नसत. पुनरुत्थानाच्या रात्री त्यांना कुंडात उतरवत, तेल लावत, शुभ्र वस्त्र घालत आणि पहिल्यांदाच प्रभूच्या भोजनाला बसवत. अर्थ सांगायचे ते त्यानंतर. सणाच्या आठवड्यात रोज बिशप त्यांना उलगडून दाखवत की त्या रात्री तुमच्या बाबतीत काय घडलं. ओस्ती घेताना डाव्या तळहाताचं सिंहासन करून उजव्या हाताला आधार कसा द्यायचा, इथपर्यंत बारकावे बिशप सिरिलच्या नावानं चालत आलेल्या त्या प्रवचनांत आहेत. एगेरियानं तर लिहिलंय की दारं बंद असूनही ऐकणाऱ्यांच्या आनंदाचा कल्लोळ बाहेरपर्यंत ऐकू येई. फादर म्हणाले, ‘‘आधी संस्कार, मग स्पष्टीकरण. कारण जे अंगावरून गेलंय त्याचाच अर्थ माणसाला लागतो.’’

माझा हात लिहिता लिहिता थांबला. सुपातलं भात, अंगण आणि ‘आधी घे, बाय. मग विचार’ हे सगळं त्या वर्गात येऊन उभं राहिलं. पाचव्या शतकातल्या आक्वितानियाच्या प्रॉस्परनं लॅटिनमध्ये जे सूत्र मांडलं की प्रार्थनेची रीत श्रद्धेची रीत ठरवते, ते आमच्या घरी भात पाखडता पाखडता सांगितलं गेलं होतं. मी दोन वर्षं ज्याला अभ्यास समजत होते तो खरं तर उत्तरार्ध होता. पूर्वार्ध मठाच्या मागच्या दारी, आजीच्या शेजारी गुडघ्यांवर बसून आधीच झाला होता.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिला हे सांगितलं. ती केळ्यांच्या चकत्या उन्हात उलटत होती.

‘‘तू म्हणालीस तेच एका बिशपनं सोळाशे वर्षांपूर्वी केलंय, आजी.’’

‘‘कुठला गो तो?’’

‘‘यरुशलेमचा.’’

‘‘मग त्याला ठाऊक असणारच,’’ ती म्हणाली.

पुनरुत्थानाचा सण दर वर्षी पुढंमागं का होतो, हेही मी तिला समजावलं. ३२५ मध्ये निकेआच्या परिषदेनं तो सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं आणि पुढं रीत पडली ती २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार धरायची. तिला नवल वाटलं नाही. ‘‘चंद्र बघूनच करतात सगळे सण,’’ ती म्हणाली. नाताळाची २५ डिसेंबर ही तारीख रोमच्या चौथ्या शतकातल्या नोंदीत पहिल्यांदा दिसते आणि आर्मेनियन चर्च अजूनही तो ६ जानेवारीला पाळतं, हे ऐकल्यावर मात्र तिचे डोळे चमकले. ‘‘म्हणजे त्यांच्याकडे करंज्या आपल्या संपल्यावर होतात!’’

तिसऱ्या वर्षी रुग्णाभ्यंगाचा विषय निघाला. आमच्या लहानपणी तेल म्हटलं की घरात रडारड सुरू होई, कारण ते शेवटचं तेल समजलं जाई. १९७२ मध्ये सहाव्या पॉलनी तो संस्कार मरणाऱ्यांपुरता न ठेवता आजारी माणसासाठी पुन्हा मोकळा केला आणि जैतुनाचं तेल मिळत नसेल तिथं दुसरं वनस्पतीचं तेलही चालेल असं ठरवलं. मग शेवटचं काय उरलं? फादरांनी फळ्यावर लिहिलं, ‘विआतिकुम’. मरणाच्या दारी दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद. निकेआच्या परिषदेनंही ३२५ मध्ये आपल्या तेराव्या नियमात सांगितलं की जाणाऱ्याला यापासून वंचित ठेवू नये, हा प्राचीन नियम आहे. त्या रात्री मी डावा रकाना भरला. उजवीकडे ‘अखेरचा प्रसाद’ लिहिलं, खोडलं. ‘अंतिम भोजन’ लिहिलं, तेही खोडलं. मग जागा रिकामी सोडून झोपले. बाकी सगळी वही भरत गेली. ती एक जागा तशीच राहिली.

१९८४ च्या फेब्रुवारीत तार आली. मी घरी पोचले तेव्हा आजी शुद्धीवर होती, पण बोलणं जवळजवळ थांबलं होतं. संध्याकाळी फादर आले. चर्चपासून आमच्या घरापर्यंत ते चालत आले होते, छातीशी धरलेली छोटीशी डबी घेऊन. त्यांना वाटेवर पाहताच मला जस्टिनचे ते सेवक आठवले. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे जाणारे. अठराशे वर्षं ते चालतच होते आणि आज आमच्या दारात पोचले होते. फादरांनी तिच्या कपाळाला तेल लावलं. मग तिचे हात उघडले आणि तळव्यांना लावलं. त्या हातांना भाताच्या तुसाचे, केळ्याच्या चिकाचे डाग जन्माचे होते. मग ओस्तीचा एक लहानसा तुकडा तिच्या जिभेवर ठेवला आणि आईनं चमचाभर पाणी दिलं. आजीनं हळूहळू गिळलं. फादरांचे हात डबी मिटत होते, आणि ती त्या हातांकडे बघत होती. पहाटे ती गेली.

आठ दिवसांनी मी पुण्याला निघाले. परीक्षा तोंडावर होती. आई कोनाड्यातून एक पुडकं काढून म्हणाली, ‘‘हे तुझ्यासाठी बांधून ठेवलं होतं तिनं. नाताळानंतरच.’’ केळीचं सुकं पान, वरून सोपटाची गाठ, तिची नेहमीची, सहज न सुटणारी.

कर्जत गेलं, घाट सुरू झाला. मी मांडीवर पुडकं घेतलं आणि गाठ सोडली. एक सुकेळं तोंडात धरलं. बाहेर एकामागून एक बोगदे येत होते, डब्यात अंधार होई आणि पुन्हा उजेड. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाच्या हाती बांधून देतात तो रोमन लोकांचा विआतिकुम, असं फादरांनी त्या दिवशी वर्गात सांगितलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं आणि तरीही माझ्या हाताला काही लागलं नव्हतं. आता मी पिशवीतून वही काढली. पेन सापडलं नाही. समोरच्या बाकावरच्या शाळकरी मुलाकडून पेन्सिल मागून घेतली.

सगळी वही शाईची आहे. तेवढा एक शब्द पेन्सिलीचा आहे, गाडीच्या हेलकाव्यानं वाकडा झालेला आणि शेजारी सुकेळ्याच्या चिकट बोटाचा ठसा. डावीकडे विआतिकुम. उजवीकडे, शिदोरी.